पिवळ्या गाडीतला दुसरा आवाज

कान गेले म्हणून बाबाजी तांडेलला जहाजावरून उतरवलं, ही गोष्ट खरी आहे. पण कान गेले म्हणजे नेमके किती गेले आणि किती उरले, हे त्याला कुणी विचारलं नाही. त्याचा सगळा राग होता तो याच गोष्टीचा, आणि राग आला की तो गिळून गप्प बसणाऱ्यांतला बाबाजी नव्हता.

माणूस देवगडकडचा, खाडीकाठचा. आयटीआय करून फिटर म्हणून जहाजावर चढला आणि परीक्षा देत देत सेकंड इंजिनिअर झाला. एकतीस वर्षं त्याने इंजिनरूममध्ये काढली, त्यातली शेवटची सोळा सिंगापूरच्या एका कंपनीच्या जहाजांवर. २०१२ साली नेहमीच्या तपासणीला गेला, तेव्हा त्याला एका काचेच्या खोक्यात बसवलं, डोक्याला हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे चार-पाच आवाज आले, याने दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना. बाबाजीला वाटलं, मशीन बंद पडलं. तो काचेतून हातवारे करून सांगायला लागला, "अहो, पुढे चला की!" बाहेर बसलेल्या डॉक्टरचा चेहरा पाहिला तेव्हा त्याला कळलं की मशीन चालूच होतं.

"वरच्या पट्टीतले आवाज तुम्हाला येतच नाहीत," तो पोरसवदा डॉक्टर म्हणाला. "पीप, पीप असा बारीक आवाज होता."

"एकतीस वर्षांत एकही इंजिन माझ्याशी पीप करून बोललेलं नाही," बाबाजी म्हणाला. "इंजिन ठोके देतं. ते मला येतात. ते वाजवून बघा."

ठोके वाजवून बघायची सोय त्या मशीनमध्ये नव्हती. कागदावर शिक्का बसला, अनफिट. कंपनीच्या ऑफिसात एक गोड बोलणारी बाई म्हणाली, आपण नंतर सविस्तर बोलू, आणि ते नंतर काही आलं नाही.

घरी तर तो ही लढाई केव्हाच हरला होता. सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या त्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे बाबाजीला कळायचं नाही. एकदा त्याची बायको रत्ना "तीन झाल्या की बंद करा हो" म्हणून खाली कोथिंबीर आणायला गेली. परत आली तेव्हा डाळीचा कोळसा झालेला आणि हा कुकरपासून सहा फुटांवर पेपर वाचत बसलेला. "तुमच्यापेक्षा तो कुकर बरा, निदान शिट्टी तरी मारतो," म्हणून ती करवादली आणि दुसऱ्या दिवशी टायमर घेऊन आली. मुलगी तन्वी तिथल्याच विद्यापीठात शिकत होती. ती खोलीतून काहीतरी विचारायची, उत्तर आलं नाही की तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "नेव्हर माइंड लाह, बाबा कान्ट हिअर." गंमत बघा, एवढं मात्र बाबाजीला नेमकं ऐकू यायचं. आणि फार लागायचं.

पीआर, म्हणजे तिथला कायमचा रहिवासी होता, त्यामुळे कामाच्या पासचं लचांड त्याच्या मागे नव्हतं. काम मात्र हवं होतं, नाहीतर घरात बसून या माणसाने रत्नाच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या. तो एका ओळखीच्याची व्हॅन दुरुस्तीला घेऊन काकी बुकित नावाच्या भागात गेला. तिथे गॅरेजांची पाच मजली इमारत आहे. गोल गोल रॅम्प चढत गाड्या वर जातात आणि प्रत्येक मजल्यावर ओळीने गाळे. तिसऱ्या मजल्यावर कोह नावाच्या चिनी अंकलचं गॅरेज होतं. कोह पासष्टीचा, काटकुळा, बारा महिने अर्ध्या चड्डीत. त्याचे दोन मेकॅनिक दुसऱ्याच एका गाडीच्या इंजिनात डोकं घालून बसले होते. बाबाजी पाच मिनिटं उभा राहिला आणि न विचारता बोलला, "पंप बघताय कशाला? आवाज पुलीच्या बेअरिंगचा आहे." निघाला तो बेअरिंगचाच. पुढल्या आठवड्यापासून बाबाजी तिथे कामाला.

त्याची पद्धत जहाजावरची. दीड हात लांबीची एक पोलादी सळई त्याने बोटीवरून उतरताना सोबत आणली होती. तिचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. इंजिनरूममध्ये एवढी गर्जना असते की नुसत्या कानाला काही कळत नाही, म्हणून जुने लोक असंच ऐकतात. आवाज सळईतून चढतो आणि सरळ कवटीत येतो. तीन वर्षांत त्या सळईने कोहच्या गॅरेजला नाव मिळवून दिलं. गाडीत कुठे काही खुडबुडलं की लोक म्हणायचे, त्या इंडियन अंकलकडे जा. काचेच्या खोक्याबद्दल मात्र कोहने कधी विचारलं नाही आणि याने कधी सांगितलं नाही. हे बरं केलं असं मी म्हणत नाही. पण पुन्हा कुणाच्या कागदावर अनफिट व्हायची त्याची तयारी नव्हती.

२०१५ च्या दिवाळीच्या आधीच्या बुधवारी प्रताप आपली गाडी घेऊन आला. हा प्रताप पुण्याचा, पस्तिशीचा, तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत. त्याची बायको विनीता पाया लेबारला एका कंपनीत. दिवाळीच्या फराळाला मराठी घरं एकत्र जमायची, तिथली ओळख. विनीताने रत्नाकडून चकलीची भाजणी नेलेली. गाडी पिवळीधमक, दोन दारांची, जमिनीला पोट लावून चालणारी. मागे म्हणायला दोन सीट होत्या, पण तिथे माणसाने बसायचं म्हणजे गुडघे दाताखाली घ्यायचे.

"काका, वळताना मागून काहीतरी खडखडतं," प्रताप म्हणाला. "कंपनीच्या सर्व्हिसला दोनदा दाखवली. हे बघा." त्याने दोन कागद पुढे केले. दोन्हींवर तेच, दोष आढळला नाही. दुसऱ्या खेपेला तर त्याला सांगितलं होतं की सर, स्पोर्ट्स कारचा तो स्वभाव असतो.

"स्वभाव माणसाला असतो," बाबाजी म्हणाला. "गाडीला दोष असतो. कधी हवी?"

"शनिवारी सकाळी आम्ही दोघं पेनांगला निघतोय. चार दिवस सुट्टी जोडून आहे. मलेशियाच्या हायवेवर जरा पळवून बघायचीय हो, इथे कुठे पळवणार? तेवढं तेल पण बदला. शुक्रवारी नेतो."

शोध सुरू झाला. बाबाजीने आधी आतलं सगळं चाचपलं, सीट काढली, आणि डावी सीट ज्या पट्टीवर मागेपुढे सरकते त्या पट्टीतून एक गोल वस्तू टुणकन उडी मारून बाहेर पडली. सुपारी. चांगली हळदकुंकू लागलेली, अख्खी पूजेची सुपारी!

प्रताप तिथेच उभा होता. त्याने डोक्याला हात लावला आणि विनीताला स्पीकरवर फोन लावला.

"अगंबाई!" पलीकडून विनीता ओरडली. "दसऱ्याच्या पूजेतला गणपती तो! मी डॅशबोर्डवर मांडला होता."

झालं असं होतं की दसऱ्याला कॉन्डोच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दोघांनी गाडीची पूजा केली. नारळ फोडायची तिथे सोय नाही, म्हणून सुपारीचा गणपती मांडला, फूल वाहिलं आणि उदबत्ती लावली. धूर बघून सिक्युरिटीवाला आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आला. त्या गडबडीत उदबत्ती विझवली, फूल उचललं, अक्षता झटकल्या. सुपारीचं विसर्जन प्रतापने केलं असं विनीताला वाटलं आणि विनीताने केलं असं प्रतापला.

"म्हणजे बिनविसर्जनाचा देव पंधरा दिवस गाडीत बसलाय," विनीता म्हणाली. "तो खडखडेल नाहीतर काय करेल!"

सगळे खो खो हसले. कोहला समजावून सांगितलं, तर तो आधी हसला आणि मग गंभीर झाला. त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल दिव्याचं छोटं देवघर होतं. त्याने सुपारी दोन्ही हातांनी उचलून तिथे ठेवली आणि समोर एक संत्रं ठेवलं. प्रताप निश्चिंत होऊन एमआरटीच्या ट्रेनने ऑफिसला गेला. एकटा बाबाजी हसला नव्हता.

कारण साधं होतं. पट्टीत अडकलेली सुपारी ब्रेक मारला की पुढे येणार आणि गाडी निघाली की मागे जाणार. प्रतापने काय सांगितलं होतं? वळताना. आणि मागून. शिवाय पूजा पंधरा दिवसांपूर्वीची, आणि कंपनीच्या पहिल्या कागदावरची तारीख सप्टेंबरची. दसऱ्याच्या महिनाभर आधी हा गणपती गाडीत काय करत होता? बाबाजीने ते कागद दोनदा वाचले आणि त्याचं डोकं तडकलं. हातात काहीतरी सापडलं की लोक शोधायचं थांबतात, हे त्याने बोटीवर शंभरदा पाहिलं होतं.

गुरुवारी दुपारी त्याने कोहला गाठलं. "तू गाडी चालव. मी मागे बसतो."

"मागे? तू? मागे पिशवी बसते, माणूस नाही लाह." कोहशी सगळा व्यवहार इंग्रजीत, पण ते इंग्रजी त्या दोघांचंच होतं.

"मी बसतो म्हणतोय ना!"

अठ्ठावन्न वर्षांचा, चांगला अंगापिंडाने भरलेला बाबाजी त्या सांदीत कसा शिरला ते त्याचं त्याला माहीत. मान वाकडी, एक पाय पुढच्या सीटवर, मागचा गालिचा उचकटून उघड्या पत्र्याला सळईचं टोक टेकवलेलं, दुसरं कानामागे. कोह रॅम्पवरून खाली गेला, वर आला. पुन्हा खाली, पुन्हा वर. रॅम्पच्या दोन तुकड्यांमधल्या सांध्यावरून गाडी जायची, भार डाव्या मागच्या कोपऱ्यावर यायचा, आणि बाबाजीच्या कवटीत एक ठोका पडायचा. ठक्. जड, बोदा, एकच. पहिल्या फेरीत त्याला वाटलं भास. चौथ्या फेरीला तो ठोका कुठल्या सांध्यावर पडणार हे तो आधी बोटाने दाखवू लागला.

"मला काही ऐकू येत नाही," कोह म्हणाला.

"तुला सळई नाही," बाबाजी म्हणाला.

वर येऊन त्यांनी गाडी लिफ्टवर चढवली. कोहने डावं मागचं चाक धरून हलवलं, पहार घालून दिसत होते ते सगळे सांधे उचकटून बघितले. काही नाही. सगळं घट्ट.

कोह हात पुसत म्हणाला, "कंपनी म्हणते गाडी ठीक. गिऱ्हाईक खूश. तुमचा देवसुद्धा सापडला. खूश नाही तो तू एकटाच. का?"

"चाक हवेत लोंबतंय ते काय बोलणार? पाठीवर ओझं येईल तेव्हा बोलेल. खालचं झाकण काढू दे मला."

"नको. तेल बदल, धुऊन ठेव, उद्या दे."

आता खरं म्हणजे इथे शहाण्या माणसाने सोडून दिलं असतं. मालक नको म्हणतो, गिऱ्हाईक खूश आहे, मध्ये साक्षात गणपती उभा. पण बाबाजीला रात्रभर... छे, रात्रीचं काय सांगू, तो नेहमीसारखा घोरत झोपला. सकाळी उठला तो ठरवूनच उठला. शुक्रवारी कोह सामान आणायला बाहेर गेला आणि बाबाजीने पिवळ्या गाडीचं डावं मागचं चाक उतरवलं, खालच्या प्लास्टिकच्या झाकणाचे बारा स्क्रू काढले आणि झाकण बाजूला ठेवलं.

प्रताप तीनला यायचा तो साडेबारालाच आला. त्याच्या मागोमाग कोह. दोघांनी पाहिलं तर गाडी तीन चाकांवर.

"हे काय काका?" प्रतापचा आवाज चढला. "मला बॅगा भरायच्यात. आवाज तर बुधवारीच सापडला ना?"

"एक सापडला. आत दुसरा आहे. डाव्या मागच्या चाकाशी काहीतरी सैल आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मी ऐकलंय."

"तुम्ही ऐकलंय?" प्रताप हसला, आणि त्या हसण्याने बाबाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग प्रताप कोहकडे वळला आणि त्याला कळावं म्हणून मुद्दाम इंग्रजीत बोलला, "अंकल, हा माणूस बहिरा आहे, माहितीये ना तुम्हाला? कानाच्या तपासणीत नापास झाला म्हणून जहाजावरून काढलाय. यांच्या घरीच सांगतात सगळ्यांना. आणि हा माझ्या गाडीतले आवाज ऐकतोय!"

गॅरेजमधलं काम थांबलं. कोहने बाबाजीकडे पाहिलं.

"खरं आहे?"

"खरं आहे," बाबाजी म्हणाला.

"तीन वर्षांत तू मला सांगितलं नाहीस."

"तीन वर्षांत मी तुला शंभर आवाज शोधून दिले. एक तरी चुकला?"

कोहने उतरवलेल्या चाकाकडे बोट केलं. "ते लाव. त्याची गाडी त्याला दे. मग आपण बोलू."

मग आपण बोलू! बाबाजीला हे बोलणं चांगलं ओळखीचं होतं. ऑफिसातली ती गोड बाईही हेच म्हणाली होती. खोटं कशाला सांगा, तो घाबरला. समजा झाकणाखाली काहीच नसलं तर? मग गॅरेज तर जाईलच, पण त्याहून वाईट म्हणजे तो डॉक्टर बरोबर ठरेल, तन्वीचं ते नेव्हर माइंड बरोबर ठरेल, आणि पुन्हा कधी काही ऐकू आलं तर बाबाजीचा स्वतःचासुद्धा त्यावर विश्वास बसणार नाही. चाक लावून किल्ली दिली तर निदान हे कळायचं तरी टळेल. गाडी पेनांगला जाईल. आणि सांधा सुटला तर सुटेल, शंभर-सव्वाशेच्या वेगात, आत विनीता बसलेली असताना.

जहाजावर एक रीत आहे. बंदर सोडायच्या आधी ब्रिजवरून, म्हणजे कॅप्टन उभा असतो तिथून, खाली विचारतात, इंजिन तयार? खाली इंजिनरूममध्ये ज्याची पाळी असेल तो "तयार" म्हणेपर्यंत जहाज हलत नाही. वर कॅप्टन असो की कंपनीचा मालक येऊन बसलेला असो. बाबाजीने एकदा चितगावला पूर्ण चार तास "तयार नाही" म्हणून सांगितलं होतं आणि कॅप्टनच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

"गाडी तयार नाही," बाबाजी म्हणाला. इतका वेळ तो प्रतापला गिऱ्हाईक म्हणून अहो-जाहो करत होता, ते त्याने सोडून दिलं. "ऐक, प्रताप. मला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. माझी पोरगी हाक मारते ती ऐकू येत नाही. ते गेलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण ठोका मला येतो. मी चाक लावणार नाही. तुला लावायचं तर हा पाना घे आणि लाव. नाहीतर दहा मिनिटं दे आणि मी सांगतो तसं कर. काही निघालं नाही तर मी स्वतः हात जोडून तुझी माफी मागेन आणि हे गॅरेज सोडून जाईन."

प्रतापने पाना घेतला नाही. चाक कसं लावतात हे त्याला माहीत नव्हतं, हेही एक कारण असेल.

बाबाजीने हातजॅक आणला. तो त्याने गाडीच्या अंगाला न लावता चाक धरणाऱ्या आडव्या दांडीखाली घातला आणि वर चढवत नेला. जॅक कुरकुरला, गाडीचा तो कोपरा हळूहळू दांडीवर बसला. आता चाक नसलं तरी ओझं तेवढंच होतं, रस्त्यावर असतं तेवढं.

"त्या बाजूला उभा राहा आणि वरून गाडी हलव," त्याने प्रतापला सांगितलं. "जोर लाव. जिममध्ये जातोस ना?"

बाबाजी पुठ्ठ्यावर उताणा झोपून आत सरकला. वर गाडी डुलायला लागली. त्याने सळई पहिल्या सांध्याला लावली. गप्प. दुसऱ्या सांध्याला लावली. गप्प. तिसरा सांधा आत होता, झाकण असतं तर दिसलाही नसता. त्याने टोक टेकवलं, डोळे मिटले आणि कानामागे दाबून धरलं.

ठक्.

"अजून हलव!"

ठक्. ठक्.

सळई खाली ठेवून त्याने हात आत घातला. बोल्टच्या मागचा नट त्याच्या बोटांना लागला, आणि दोन बोटांनी फिरला. पाना नको, काही नको. बाटलीचं झाकण फिरावं तसा फिरला. बाबाजीच्या छातीतलं काहीतरी इतकं मोकळं झालं की त्याला तिथेच, त्या गाडीखाली, रडू आलं. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि बाहेर सरकला. कुणाला काही सांगितलं नाही.

"खाली झोप," तो प्रतापला म्हणाला.

"मी?"

"तूच. शर्ट धुता येतो."

बँकेतला पांढरा शर्ट घातलेला प्रताप पुठ्ठ्यावर झोपला. बाबाजीने त्याचा हात धरून आत नेला. "लागला नट? फिरव."

मग गाडीखालून प्रतापचा आवाज आला, पार बदललेला. "फिरतोय. काका, हा हाताने फिरतोय."

कोह टॉर्च घेऊन वाकला. बोल्टभोवती पत्रा घासून चकचकीत कडं पडलं होतं. दोन-अडीच महिन्यांचं घासणं होतं ते. कोहने तोंडाने च्यक् च्यक् केलं आणि विचारलं, "अलाइनमेंट कुठे केली होती?"

प्रताप बाहेर आला, पण उठला नाही. ऑगस्टमध्ये एका वळणावर चाक फुटपाथला धडकलं होतं. कंपनीत सांगितलं तर वॉरंटीचं लफडं होईल म्हणून त्याने दुसरीकडेच कुठेतरी चाकं सरळ करून घेतली आणि ते कुणालाच सांगितलं नाही, विनीतालाही नाही. तिथे हा नट सैल केला, चाकाचा कोन बसवला आणि परत आवळायचा राहिला. कंपनीच्या लोकांना काही माहीत नव्हतं, त्यांनी झाकण उघडलं नाही.

"हायवेवर हा बोल्ट सरकला असता," कोह म्हणाला, "तर मागचं चाक स्वतःच वळलं असतं. तू पुढे एकीकडे वळवतोस, ते मागे दुसरीकडे. मग गाडी कोण चालवणार?"

प्रताप उतरवलेल्या चाकावर बसला. त्याचा उजवा हात काळा झाला होता आणि तो त्या हाताकडे बघत होता. मग खाली मान घालून तो काहीतरी पुटपुटला.

शेजारच्या गाळ्यात कॉम्प्रेसर चालू होता. बाबाजीला ओठ हललेले दिसले, आवाज आला नाही. गेली तीन वर्षं असं झालं की तो मान डोलवायचा. समोरचा काय बोलला ते न कळताच हं हं म्हणायचा, आणि लोकांना वाटायचं याने ऐकलं. घरी, बाजारात, फराळाच्या गर्दीत तो मान डोलवत आला होता. कधीकधी नको त्या गोष्टीला हो म्हणून बसला होता, आणि घरी येऊन लाजेने कुढला होता.

आज त्याने मान डोलवली नाही.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला. "मोठ्याने बोल."

प्रतापने वर पाहिलं. मग तो उभा राहिला, बाबाजीच्या समोर आला आणि ओरडला, "काका, माझं चुकलं! तुमचं बरोबर होतं!"

समोरच्या गाळ्यातली दोन माणसं काम सोडून बघायला लागली. कोहला मराठीचा गंध नव्हता. तो बिचकला. "भांडतोय का? ओरडतो कशाला?"

"भांडत नाही," बाबाजीने त्याला इंग्रजीत, अख्ख्या मजल्याला जाईल अशा आवाजात सांगितलं. "मी बहिरा आहे म्हणून ओरडतोय. नवा नट दे."

कोहने कप्पा उघडला, मापाचा नट शोधून काढला आणि बाबाजीच्या तळहातावर ठेवला. मग तो जायला वळला, थांबला, परत आला. बाबाजीच्या अगदी समोर उभा राहिला, तोंड नीट दिसेल असा, आणि घसा ताणून बोलला.

"सोमवारी एक निळी व्हॅन येतेय. कुठून आवाज येतो कुणालाच कळत नाही. तू बघ."

बाबाजीला शब्दन् शब्द ऐकू आला.